पहिल्या पिढीची इम्प्रेझा, ४ईएटी गिअरबॉक्स : वळणातली आखडण आणि एबीएस सेन्सर, कामाच्या नोंदी

गाडी : पहिल्या पिढीची सुबारू इम्प्रेझा. चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स (४ईएटी, जुनी आवृत्ती), चारही चाकांना ओढ, एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा). टायर १९५/६० आर१५.

तक्रारी दोन. गाडी गरम झाल्यावर स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवली की आखडते, उड्या मारल्यासारखी पुढे सरकते. दुसरी, कोरड्या रस्त्यावर थांबता थांबता, ताशी १० किलोमीटरच्या खाली, ब्रेक पेडलखाली एबीएसची थरथर येते.

कामाचा क्रम ठरवला तो असा : बाहेरून मोजता येते ते आधी, गिअरबॉक्स उघडणे सगळ्यात शेवटी. हा गिअरबॉक्स आखडला की लोक थेट मागचा सोलेनॉइड (मागच्या क्लचचा तेलदाब सांभाळणारी विजेची झडप) बदलायला घेतात, आणि बऱ्याचदा तो चांगला निघतो.

१२ जानेवारी

चाचणी. अर्धा तास चालवून तेल गरम केले. मोकळी, कोरडी, सपाट जागा. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, लिव्हर डी वर, ॲक्सिलरेटर न देता गोल फिरवली. पाव वर्तुळातच टायर घासू लागले आणि गाडी आपोआप थांबली. उजवीकडेही तेच. थंड असताना हा त्रास निम्म्याहून कमी होता.

वळणात असे का होते, ते आकड्यांत मांडलेले बरे. या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधले अंतर) २५२० मिमी. पुढच्या ॲक्सलचा मध्य ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर असेल, तर मागच्या ॲक्सलचा मध्य ४.३२ मीटरच्या वर्तुळावर जातो. म्हणजे त्याच वेळात पुढच्या चाकांनी मागच्यांपेक्षा साधारण १६ टक्के जास्त फिरायला हवे. हा फरक खपवून घ्यायला या गिअरबॉक्समध्ये मधला डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) नाही. शेपटाकडच्या भागात तेलात बुडालेला अनेक चकत्यांचा क्लच आहे. तो घसरला तर फरक मुरतो, घसरला नाही तर तो टायर आणि रस्त्यामध्ये मुरावा लागतो. जाणवणाऱ्या उड्या त्याच.

१३ जानेवारी

टायर. चारही चाके एकेक करून उचलली, हवा ३२ पीएसआय सारखी केली आणि नक्षीच्या मधोमध स्टीलची टेप गुंडाळून घेर मोजला.

पुढचे दोन्ही : १९०४ मिमी (नक्षीची खोली ३ मिमी)
मागचे दोन्ही : १९२९ मिमी (खोली ७ मिमी)

फरक २५ मिमी. सुबारूची मर्यादा पाव इंच, म्हणजे ६.४ मिमी. त्रिज्येत हा हिशेब जेमतेम १ मिमीचा होतो, म्हणून फक्त डोळ्यांनी नक्षी पाहून 'चालेल' म्हणणे धोक्याचे.

२५ मिमी म्हणजे १.३ टक्के. सरळ रस्त्यावर दर किलोमीटरला पुढची चाके मागच्यांपेक्षा जवळपास ७ फेरे जास्त घेतात. फायनल ड्राइव्ह ४.१११ (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.१११ फेरे), तेव्हा क्लचच्या दोन बाजूंमध्ये दर किलोमीटरला २८ फेऱ्यांचा फरक पडतो, तोही एकही वळण न घेता. क्लच सतत घासत राहतो, तेल तापत राहते.

यात आणखी एक वाईट गोष्ट आहे. नवे टायर मागे असल्याने मागचा शाफ्ट सावकाश फिरतो. गिअरबॉक्सचा कंट्रोलर, टीसीयू, पुढच्या आणि मागच्या वेगांची तुलना करतो. पुढचा वेग जास्त दिसणे ही त्याच्या लेखी पुढची चाके घसरल्याची खूण, म्हणून तो क्लच आणखी आवळायच्या बाजूला झुकतो. टायर उलटे लावले असते तर वेगवाचनात हा गोंधळ झाला नसता, पण क्लचची झीज टळली नसती.

चार नवे सारखे टायर घ्यायचे ठरले. ते येईपर्यंत बाकीच्या तपासण्या.

१६ जानेवारी

फ्यूजची चाचणी. बॉनेटखाली 'एफडब्ल्यूडी' (फक्त पुढच्या चाकांना ओढ) लिहिलेला रिकामा फ्यूज होल्डर आहे. त्यात फ्यूज घातला की डॅशबोर्डवर एफडब्ल्यूडी दिवा लागतो आणि टीसीयू मागचा क्लच सोडतो. छोटे स्टेपनी चाक लावल्यावर वापरायची ही सोय आहे, पण निदानालाही यासारखे हत्यार नाही.

याचा अर्थ लावायला सोलेनॉइडची उलटी चाल माहीत हवी. ड्यूटी सोलेनॉइड सी ला (हाच तो मागचा सोलेनॉइड) वीज मिळाली की तो तेलाचा दाब सोडून देतो आणि क्लच मोकळा होतो. वीज गेली की पूर्ण दाब क्लचवर जातो. म्हणून वायर तुटली तर गाडी पुढच्या चाकांवर जात नाही, उलट चारही चाके घट्ट बांधली जातात.

फ्यूज घालून तेच वर्तुळ. आखडणे बरेच कमी झाले, पण संपले नाही. पूर्ण गेले असते तर दोष टायर किंवा सेन्सरच्या बाजूला धरला असता. काहीच बदलले नसते तर सोलेनॉइड किंवा त्याची वायर. अर्धवट उत्तराचा अर्थ असा की दाब सुटतो आहे, पण चकत्या पूर्ण मोकळ्या होत नाहीत.

खात्रीसाठी दुसरी चाचणी, इंजिन बंद ठेवून. पुढची चाके जमिनीवर, दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावलेली, लिव्हर पी वर. मागची दोन्ही चाके उचलून स्टँडवर, हँडब्रेक सोडलेला. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, दाब शून्य. अशा वेळी प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ओढ नेणारा दांडा) हाताने, थोड्या चिकट विरोधासह, पण सलग फिरायला हवा. इथे तो फिरतो, मग खटकन अडतो, जोर लावला की सुटतो. हे अडणे यांत्रिकच.

(या रचनेत पी वर फक्त पुढची चाके अडकतात. पुढचा भाग उचलताना पी च्या भरवशावर राहू नये, हँडब्रेक आणि मागे ठोकळे लागतातच.)

१७ जानेवारी

विजेची बाजू, तरीही. गिअरबॉक्सच्या कनेक्टरवर सोलेनॉइड सी चा रोध १३.१ ओहम, १० ते १६ च्या आत. बॉडीशी शॉर्ट नाही. एफडब्ल्यूडी फ्यूज घातल्यावर इंजिन चालू असताना सोलेनॉइडवर सरासरी १२ व्होल्टच्या वर, म्हणजे टीसीयू जवळपास सलग वीज देतो आहे. फ्यूज काढून लिव्हर डी वर ठेवून ॲक्सिलरेटर हलका दाबला की आकडा खाली येतो. कंट्रोलर आणि वायरिंग दोन्ही ठीक.

थ्रॉटल पोझिशन सेन्सरही पाहिला, कारण क्लच किती आवळायचा याचा पाया टीसीयू ॲक्सिलरेटरवरून ठरवतो. पेडल सावकाश दाबत व्होल्टेज पाहिले : ०.५ पासून ४ च्या वरपर्यंत सलग चढले, मध्ये कुठे उडी किंवा खड्डा नाही. डिजिटल मीटर सावकाश असतो, म्हणून हे काम काट्याच्या मीटरवर केलेले चांगले. काट्याची थरथर लगेच दिसते.

१९ जानेवारी

गिअरबॉक्सचा मागचा वेग सेन्सर. शेपटाच्या केसिंगवर, १० नंबर पान्याचा एकच बोल्ट. रोध ५६० ओहम, उत्तम. पण टोकावर राखाडी लोखंडी चिखलाचा जाड थर होता. सेन्सर चुंबकी असल्याने झिजलेला बारीक चुरा त्यावरच जमतो आणि सिग्नल क्षीण करतो. ब्रेक क्लीनर कापडावर घेऊन पुसला. स्प्रे थेट वायरीच्या मुळाशी मारायचा नाही, आतली रबर सील फुगते. ओ-रिंग नवी, तिला एटीएफचा (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचा) हात. बोल्ट ७ न्यूटन-मीटर. हा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये जातो, जास्त आवळला तर आटे निघून येतात.

पुसलेल्या चिखलात कागदासारखे काळे कणही दिसले. हे चकत्यांच्या अस्तराचे. उघडण्याचा निर्णय इथे पक्का झाला.

२० जानेवारी

एबीएसचे चार सेन्सर. हे साधे, वीज न लागणारे चुंबकी सेन्सर आहेत : दात असलेली रिंग समोरून फिरली की स्वतःच छोटा एसी सिग्नल तयार करतात. सिग्नलची उंची वेगावर अवलंबून, म्हणूनच दोष सगळ्यात आधी कमी वेगाला उघड होतो. एबीएसला एक चाक अचानक 'थांबले' असे वाटते आणि तो ब्रेक सोडतो.

कनेक्टर सोडून मोजले. रोध चारही ठिकाणी १.१ ते १.२ किलोओहम. फक्त रोध पाहून थांबलो असतो तर चारही सेन्सर पास झाले असते. मग मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक चाक हाताने साधारण सेकंदाला एक फेरा असे फिरवले :

पुढचे दोन्ही, मागचे उजवे : १८० ते २०० मिलिव्होल्ट
मागचे डावे : ६० मिलिव्होल्ट

दोष सापडला. रिंग आणि सेन्सरमधली फट मागे उजवीकडे ०.७ मिमी, डावीकडे १.४. फट मोजायला पितळी फिलर गेज वापरावी. पोलादी पाती चुंबकाला चिकटते आणि फट प्रत्यक्षापेक्षा मोठी किंवा लहान वाटते. पहिल्या मोजणीत हीच चूक झाली होती, ती रद्द केली.

सेन्सर बसतो त्या जागेवर गंजाचा पापुद्रा फुगून सेन्सर बाहेर ढकलला गेला होता. बोल्ट काढला तरी सेन्सर हलेना. तो पक्कडीने पिळायचा नाही, प्लास्टिकचे डोके तुटून खालचा भाग भोकात राहतो. गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर ठेवले, दुसऱ्या दिवशी डावी-उजवीकडे किंचित फिरवत वर काढला. बसण्याची जागा आणि भोक २४० नंबरच्या पॉलिश पेपरने पांढऱ्या धातूपर्यंत घासले, चुरा भोकात पडू नये म्हणून आत चिंधी. सेन्सरच्या टोकाला पेपर लावला नाही, फक्त पुसले. भोकाच्या कडेला तांब्याच्या ग्रीसचा पुसट हात, टोक कोरडे. रिंगच्या दातांमधला गंजाचा भुगा नायलॉन ब्रशने काढला.

बसवल्यावर फट ०.७ मिमी, सिग्नल १९० मिलिव्होल्ट.

हा दोष गिअरबॉक्सपासून वेगळा वाटतो, पण नाही. एबीएस चालू झाल्याचा सिग्नल टीसीयूलाही जातो आणि त्या क्षणी तो मागच्या क्लचचा जोर ठरावीक पातळीला आणतो, जेणेकरून पुढची-मागची चाके एकमेकांना ओढणार नाहीत. खोटा एबीएस म्हणजे ब्रेक लावून वळताना गाडीचा तोल विनाकारण बदलणे.

२५ जानेवारी

शेपूट उघडले. गिअरबॉक्स गाडीतच राहतो, ही या रचनेची मोठी सोय.

क्रम : गाडी चार स्टँडवर. एटीएफ काढले. एक्झॉस्टचा मधला भाग खाली घेतला. प्रोपेलर शाफ्टच्या मागच्या फ्लँजवर आणि डिफरन्शियलवर समोरासमोर रंगाची खूण, मग चार बोल्ट, मधल्या बेअरिंगचे दोन बोल्ट, शाफ्ट मागे ओढून बाहेर. खूण विसरली तर पुढे थरथर येऊ शकते आणि ती शोधण्यात दिवस जातो. गिअरबॉक्सखाली फळी ठेवून जॅक, मागचा आडवा सपोर्ट सोडला. शेपटाचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे आहेत. पुठ्ठ्यावर केसिंगचा आकार काढून प्रत्येक बोल्ट आपल्या जागी खोचला. केसिंग सरळ मागे ओढायचे, आतली सोलेनॉइडची वायर ताणली जाण्याआधी कनेक्टर सोडायचा. अजून अर्धा-पाऊण लिटर तेल इथून पडते, ट्रे हलवू नये.

आत काय दिसले : घर्षण चकत्यांच्या कडा काळवंडलेल्या, दोन चकत्यांचे अस्तर जवळपास गेलेले. पोलादी चकत्यांवर निळसर डाग, म्हणजे उष्णता. आणि खरे कारण ड्रमवर (चकत्या ज्यात बसतात त्या डब्यावर) : चकत्यांचे दात ज्या खाचांतून मागे-पुढे सरकतात, त्या खाचांच्या भिंतींवर प्रत्येक चकतीने स्वतःची पायरी कोरली आहे. दाब सुटला तरी चकती त्या पायरीत अडकून राहते. हाताने फिरवताना खटकन अडत होते ते इथे.

या पायऱ्या एका दिवसाच्या नाहीत. घेर न जुळणाऱ्या टायरांनी क्लचला सरळ रस्त्यावरही विश्रांती दिली नाही, चकत्यांनी एकाच जागी हजारो वेळा धक्के दिले. नुसत्या चकत्या बदलून जुन्या टायरांवर गाडी सोडली असती, तर हेच पुन्हा उघडावे लागले असते.

२६ जानेवारी

पायऱ्यांची खोली नखाला लागते, पण सर्वात खोल जागीही ०.१ मिमीच्या आसपास. एवढ्यावर ड्रम वाचतो. बारीक चपटी कानस, फक्त लांबीच्या दिशेने, पायरीची कड जाईपर्यंतच, शेवटी तेलदगड. खाच रुंद होईपर्यंत घासले तर चकती सैल होते आणि वळणातून बाहेर पडताना ठक्क असा आवाज येतो. पायरी खोल असती तर कानस हातात घेतलीच नसती, ड्रम बदलला असता.

पिस्टनची रबर सील कडक झालेली, नवी. सोलेनॉइड काढून १२ व्होल्टवर टकटक ऐकली, स्वच्छ. त्याची जाळी मात्र चिखलाने अर्धी बुजलेली होती, धुतली. जुनाच सोलेनॉइड परत बसवला.

१ फेब्रुवारी

नव्या घर्षण चकत्या ताज्या एटीएफमध्ये कालपासून बुडवून ठेवल्या होत्या. किमान दोन तास लागतातच. कोरडी चकती पहिल्याच वळणात जळते. पिस्टन, परतीची स्प्रिंग, मग पोलादी आणि घर्षण चकत्या आलटून पालटून, काढताना घेतलेल्या फोटोप्रमाणे. लॉक रिंग बसवून फिलर गेजने फट ०.५ मिमी. फट नसेल तर चकत्या कायम घासतील, खूप असेल तर क्लच उशिरा धरेल आणि निसरड्या जागी पुढची चाके आधी फिरतील.

केसिंग बंद करण्याआधी तेलाच्या मार्गात कमी दाबाची हवा दिली : पिस्टन धप्प करून चकत्या दाबतो, हवा काढली की मागे येतो. हे आत्ता पाहिले नाही तर चूक गाडी खाली उतरल्यावर कळते. थ्रस्ट बेअरिंग जागेवर राहायला पेट्रोलियम जेली, ग्रीस नाही. जेली तेलात विरघळते, ग्रीस जाळीत अडकते. जुने गॅस्केट प्लास्टिकच्या पट्टीने काढले. बोल्ट आडवे-तिरके क्रमाने, २५ न्यूटन-मीटर.

२ फेब्रुवारी

तेल. या गिअरबॉक्समध्ये एकूण साधारण ९ लिटर एटीएफ, पण एका वेळी बूच काढून ४ लिटरच्या आसपास निघते, बाकी टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहते. एकदा बदलले तर ५६ टक्के जुने उरते, दुसऱ्यांदा ३१, तिसऱ्यांदा १७. तीन वेळा बदलायचे, मध्ये दरवेळी थोडी चालवून. डेक्सरॉन ३ दर्जाचे तेल.

पातळी बघण्याची पद्धत : तेल ६० ते ८० अंश, गाडी सपाट जागी, इंजिन चालू, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक जागेवर दोन-तीन सेकंद फिरवून परत पी वर, मग डिपस्टिक. इंजिन बंद करून पाहिले तर पातळी जास्त दिसते.

इथे एक ठरलेली चूक होते. पुढच्या डिफरन्शियलचे तेल याच केसिंगमध्ये, पण वेगळ्या कप्प्यात आहे. त्याचे बूच वेगळे, डिपस्टिकही वेगळी. घाईत एटीएफऐवजी डिफरन्शियलचे तेल काढले जाते आणि वरून एटीएफ ओतले जाते. एक कोरडा, दुसरा दुप्पट भरलेला. निघालेले तेल लाल आणि पातळ की पिवळट, जाड आणि गंधकाच्या वासाचे, हे पाहूनच पुढे जायचे. पुढे ७५डब्ल्यू-९० जीएल-५, १.२ लिटर, मागच्या डिफरन्शियलला तेच, ०.८ लिटर. मागे नेहमी भरायचे बूच आधी उघडून पाहावे. ते जाम असेल आणि खालचे आधीच काढले असेल, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही.

३ फेब्रुवारी

चार नवे टायर, एकाच जातीचे. घेर १९३१ ते १९३३, सर्वात मोठा फरक २ मिमी. अलाइनमेंट : पुढचा टो (चाकांची तोंडे आत किंवा बाहेर किती वळली आहेत ते) ४ मिमी बाहेर होता, शून्यावर आणला. आखडणाऱ्या गाडीत टोचा दोष झाकला जातो, दोन्हींचा आवाज सारखाच येतो.

वर्तुळ चाचणी, गरम तेलावर. डावीकडे, उजवीकडे, ॲक्सिलरेटर न देता पूर्ण फेरा. टायरचा आवाज नाही. ओल्या वळणात जोर दिल्यावर पुढचा भाग पूर्वी सरळ ढकलला जात होता, आता स्टिअरिंग दाखवेल तिकडे जातो. सुरू करताना गिअरबॉक्सचा दिवा १६ वेळा लुकलुकत नाही, म्हणजे टीसीयूत साठलेला दोष नाही.

८ फेब्रुवारी

थांबतानाची थरथर गेली, पण खड्ड्यातून जाताना एबीएसचा दिवा लागला. गाडी बंद करून सुरू केल्यावर विझला. पुन्हा मागचे डावे. यावेळी रोध मोजत केबल सस्पेंशनजवळ वाकवली : १.१ किलोओहमवरून मधेच अनंत. आवरण शाबूत, आतली तार तुटलेली. सेन्सर ओढून काढण्याच्या आधीपासून ती कमकुवत असणार, त्या हाताळणीत पूर्ण तुटली.

हलणाऱ्या भागात डाग देऊन जोडायचे नाही. डाग तारेत वर चढतो, तो भाग कडक होतो आणि कडक-मऊच्या सीमेवर तार पुन्हा तुटते. केबलसह नवा सेन्सर. सगळ्या क्लिपा मूळ जागी, आणि चाक पूर्ण लोंबते ठेवून केबलला ढील आहे हे पाहून मगच शेवटची क्लिप. फट ०.६ मिमी, सिग्नल २०० मिलिव्होल्ट.

२२ फेब्रुवारी

५०० किलोमीटर झाले. एटीएफचा तिसरा बदल; निघालेले तेल लाल, वास नाही, बुचाच्या चुंबकावर बारीक पातळ थर. मागच्या वेग सेन्सरचे टोक स्वच्छ. मागची चाके उचलून, इंजिन बंद ठेवून शाफ्ट फिरवला : सगळ्या फेऱ्यात एकसारखा विरोध, कुठे अडत नाही. टायर पुढचे मागे, मागचे पुढे केले. दर ५००० किलोमीटरला हेच, आणि त्याच वेळी टेपने चारही घेर.